पिकअप महागली, पण नेमकी किती आणि कशापायी?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : मालवाहू गाड्या

या वेळी बरीच पत्रं नव्या पिकअपच्या किमतीबद्दल आली आहेत. सूर साधारण एकच : कंपन्या लुटतायत का? त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमची पिकअप २०१४ ची. तेव्हा सगळं धरून सव्वासहा लाखांना पडली. तशाच गाडीचं आजचं कोटेशन अकरा लाखांचं आहे. इंजिन तेवढंच, हौदा तेवढाच. मग पावणेपाच लाख कशाचे? (टोमॅटो बागायतदार, नारायणगाव)

आधी महागाई बाजूला काढू, म्हणजे भांडायला किती उरतं ते कळेल. प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक २०१४-१५ साली २४० होता, २०२५-२६ साली तो ३७६ आहे. या हिशेबाने तुमच्या सव्वासहा लाखांचे आज ९ लाख ७९ हजार होतात. हा निर्देशांक किरकोळ महागाईच्या पाऊणपटच वाढ धरतो, त्यामुळे हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूनेच झुकलेला आहे. म्हणजे खरी वाढ पावणेपाच लाखांची नाही, १ लाख २१ हजारांची आहे.

त्यातही निम्म्याच्या आसपास रक्कम कंपनीकडे जात नाही. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लागतो. शोरूम किंमत नऊ लाख धरली तर तो ६३ हजार झाला. आधी हा कर वजनाच्या पट्ट्यावर होता आणि बराच कमी बसायचा. उलट बाजूने, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला नसता तर तुमचं कोटेशन आणखी पाऊण लाखाने फुगलेलं असतं.

उरलेले पैसे बॉनेटखाली आणि चॅसिसखाली आहेत. इंजिनाचे सीसी तेवढेच असले तरी इंजिन तेच नाही. २०१४ मध्ये देशाच्या बहुतेक भागात बीएस-३ (धुरातल्या प्रदूषणाचा सरकारी निकष; आकडा जितका मोठा तितका कडक) चालत होतं. डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक असायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि गंधक १० भागांवर आलं. बीएस-३ च्या जमान्यात साधा यांत्रिक पंप चालून जायचा. आता त्या जागी कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल पुरवणारी नळी), इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक. सायलेन्सरच्या जागी एकामागोमाग एक डबे : धूर जाळणारा कॅटॅलिस्ट, काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर, आणि काही मॉडेलांत युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणारा तिसरा डबा. त्यांच्या आतल्या लेपात प्लॅटिनम गटातले महाग धातू असतात. म्हणून तर या डब्यांच्या चोऱ्या होतात. शिवाय तापमानाचे, दाबाचे सेन्सर आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची अट. हे सामान पाऊण लाखाच्या आत बसत असेल तर त्याला लूट म्हणता येत नाही.

लुटीचा संशय घ्यावा अशा दोन जागा मात्र आहेत. पहिली, 'कच्चा माल महागला' म्हणून दर वर्षी-सहा महिन्यांनी होणारी टक्का-दोन टक्क्यांची वाढ. २०२१-२२ मध्ये पोलाद भडकलं हे खरं. पुढे ते उतरलं, गाडीची किंमत काही उतरली नाही. दुसरी जागा म्हणजे एसी केबिन. '१ ऑक्टोबर २०२५ पासून एसी सक्तीचा आहे' असं शोरूममध्ये सांगितलं गेलं, तर ते साडेतीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाड्यांना लागू आहे. तुमची पिकअप त्यात येत नाही. चालक दुपारच्या उन्हात वाशीला जाणार असेल तर एसी जरूर घ्या, पण सरकारी नियम म्हणून घेऊ नका.

आता खरा प्रश्न. वाढ रास्त असली तरी तुम्हाला परवडते का, हे किलोमीटर ठरवतात. गाडी वर्षाला ३५,००० किलोमीटर धावली तर सात वर्षांत २ लाख ४५ हजार होतात. १ लाख २१ हजारांची वाढ त्यावर पसरली की किलोमीटरला ४९ पैसे. डिझेल ९० रुपये धरलं आणि अॅव्हरेज १३ वरून १२ वर आलं तर किलोमीटरला ५८ पैसे जास्त जातात. म्हणजे ज्या वाढीवर एवढं रणकंदन, ती टायरमधली हवा आणि चालकाचा पाय यांत सहज हरवते. पण गाडी फक्त हंगामात, वर्षाला ८,००० किलोमीटर धावणार असेल तर हिशेब उलटतो. अकरा लाखांची गाडी सात वर्षांनी चार लाखांना गेली असं धरलं तर घसाराच किलोमीटरला साडेबारा रुपये पडतो, आणि त्यात अजून डिझेल नाही, चालक नाही. अशा वेळी तोड्याच्या दिवसांत भाड्याची गाडी बरी.

क्रेटचंही पाहा. भरलेला क्रेट २२ किलोचा धरला तर १,३०० किलो भाराच्या गाडीत ५९ आणि १,७०० किलो भाराच्या गाडीत ७७ क्रेट नियमात बसतात. हौद्यात जागा असते म्हणून १२० रचले जातात. ते २,६४० किलो झाले. कायद्यात जादा भाराचा दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि वर जादा टनामागे २ हजार. एका पावतीत वर्षाची काटकसर गेली. तुमच्या फेऱ्या खरंच शंभर क्रेटच्या असतील तर छोटी गाडी घेऊन पाटे (स्प्रिंगची पानं) वाढवण्यापेक्षा वरच्या वजनगटातली घ्यावी. ती महाग दिसते, पण टनामागे स्वस्त पडते.

प्रश्न : शोरूम किंमत आणि रस्त्यावरची किंमत यांत दीड लाखाचा फरक सांगतात. त्यात घासाघीस कुठे करता येते? (बेकरी व्यावसायिक, इस्लामपूर)

कोटेशन एका आकड्यात घेऊ नका, ओळीओळीने लिहून मागा. रोड टॅक्स, नोंदणी शुल्क, थर्ड पार्टी विमा यांना हात लावता येत नाही. साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम जून २०२२ मध्ये १६,०४९ रुपये ठरला. त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के आहे. जुन्या छापील कोष्टकावरून १२ टक्के लावलेला दिसला तर बोट ठेवा. गाडीची किंमत दहा लाखांवर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, कापतात. तो खर्च नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो, फक्त कोटेशनवर तुमचा पॅन बरोबर हवा.

घासाघीस बाकीच्यात. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' नावाची ओळ कोणत्याही कायद्यात नाही; ती काढायला सांगा. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट २०१९ पासून नव्या गाडीबरोबरच येते, तिचे वेगळे पैसे नाहीत. सीट कव्हर, मॅट, टेप, गार्ड यांचं 'किट' बाहेर निम्म्यात होतं.

विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती करता येत नाही. बाहेरचे दोन दर आणा. मात्र स्वस्ताच्या नादात एक गोष्ट सुटते. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचं सुटं नुकसान धरत नाहीत. ते हवं असेल तर 'आयएमटी-२३' हे कलम जोडून घ्यावं लागतं. बाजारात, गोदामात रिव्हर्स घेताना ठोकर लागते ती नेमकी याच भागांना. म्हणजे पॉलिसी हातात असूनही खिशातून पैसे जातात, आणि मग विमा कंपनीच्या नावाने शंख. पगारी चालक असेल तर त्याच्या जबाबदारीचं कव्हर जोडा, रक्कम किरकोळ असते. मालकाचा सक्तीचा अपघात विमा दुसऱ्या गाडीवर आधीच असेल तर इथे परत लावू देऊ नका.

सगळ्यात मोठी गळती कर्जात. 'फक्त सहा टक्के' असं सांगतात तेव्हा तो बहुधा फ्लॅट दर असतो, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर. आठ लाख, पाच वर्षं, सहा टक्के फ्लॅट : व्याज २ लाख ४० हजार, हप्ता १७,३३३. तेच आठ लाख घटत्या शिलकीवर दहा टक्क्यांनी घेतले तर हप्ता १६,९९८ आणि व्याज सुमारे २ लाख २० हजार. 'सहा' हे 'दहा'पेक्षा वीस हजारांनी महाग पडलं. ते सहा म्हणजे घटत्या शिलकीवरचे जवळजवळ १०.८. दर विचारूच नका. हप्ता किती, महिने किती आणि सुरुवातीला कापणार किती, एवढं विचारा आणि गुणाकार करा.

प्रश्न : जीएसटी २८ चा १८ झाला, पण गाडी दहा टक्के स्वस्त झाली नाही. फरक डीलरने खाल्ला का? शिवाय आमच्या डाळमिलच्या नावावर गाडी घेतली तर कर परत मिळतो म्हणतात, ते खरं का? (डाळमिल मालक, लातूर)

डीलरने खाल्ला नाही, गणिताने खाल्ला. कर मूळ किमतीवर लागतो, शोरूम किमतीवर नाही. मूळ किंमत १०० असेल तर आधी १२८ पडायचे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ११८ पडतात. १२८ मधले १० गेले, म्हणजे ७.८ टक्के. नऊ लाखांची गाडी ८ लाख ३० हजारांना मिळायला हवी होती. त्याहून कमी उतरली असेल तर विचारणा करा.

परताव्याचं खरं आहे, पण तुमच्या धंद्यात एक मेख आहे. प्रवासी कारवर क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करून घेणं) अडवलेलं आहे, मालवाहू गाडीवर नाही. बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह हवं, ते तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या विवरणात) दिसायला हवं, आणि कराच्या रकमेवर घसारा धरायचा नाही; दोन्ही दगडांवर पाय ठेवला तर क्रेडिट जातं. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर काहीच मिळत नाही. मेख अशी की सुटी डाळ करमुक्त आहे, तर २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातली डाळ ५ टक्क्यांत. एकच गाडी दोन्ही माल नेत असेल तर क्रेडिट ६० महिन्यांवर विभागून, करमुक्त विक्रीच्या प्रमाणात दर महिन्याला उलटवावं लागतं. उदाहरणार्थ, क्रेडिट १,२०,००० असेल तर महिन्याचा वाटा २,०००. त्या महिन्यात ७० टक्के विक्री सुट्या डाळीची झाली तर १,४०० उलटवायचे, ६०० तुमचे. हे न करता सगळं क्रेडिट वापरलं तर दोन-तीन वर्षांनी नोटीस व्याजासकट येते. पाच वर्षांच्या आत गाडी विकली तर तिमाहीमागे ५ टक्के वजा करून उरलेलं क्रेडिट किंवा विक्रीवरचा कर, यातलं जे जास्त ते भरायचं.

प्रश्न : नव्या गाडीत फिल्टर आणि युरियाची कटकट फार, असं मेकॅनिक सांगतात. त्यापेक्षा २०१९ ची बीएस-४ पिकअप साडेपाच लाखांना मिळतेय. घ्यावी का? (बांधकाम साहित्य पुरवठादार, नांदेड)

कटकट खरी आहे, पण बहुतेक वेळा वापराच्या पद्धतीतून येते. डीपीएफ काजळी साठवतो आणि ठरावीक भरला की इंजिन जादा डिझेल सोडून तो सुमारे ६०० अंशांवर जाळून काढतं. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, पन्नास-साठच्या वेगाने धावायला हवी. दुकान ते साइट अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या आणि माल उतरेपर्यंत इंजिन चालूच, असं महिनाभर चाललं की ते जळणं दर वेळी अर्धवट राहतं. दिवा लागतो, चालक गाडी बंद करून पुन्हा चालू करतो, दिवा जातो, आणि सगळे निश्चिंत होतात. तिकडे न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरत असतं. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर दिसली आणि बोटाला ऑइल पातळ लागून डिझेलचा वास आला, तर ते 'ऑइल कमी होत नाही, इंजिन झकास' असं नसतं. ते ऑइल लगेच बदलायचं. बदलताना लो-अॅश, बीएस-६ साठीचंच घालायचं. जुन्या प्रतीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते, ती जळत नाही. उपाय साधा : आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास.

युरियाची टाकी असलेल्या गाडीत शुद्ध युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावणच चालतं. खताचा युरिया पाण्यात कालवून ओतण्याचे प्रयोग होतात. आपल्याकडचा खताचा युरिया नीमलेपित असतो. ते तेल आणि इतर अशुद्धी नोझलवर पांढरट खडे होऊन बसतात आणि कॅटॅलिस्ट कायमचा जातो. पन्नास रुपयांच्या बचतीत पाच आकडी बिल. टाकी रिकामी ठेवली तर ईसीयू ताकद कापतो. छोट्या गाड्यांत आता द्रावणाशिवाय चालणारी एलएनटी पद्धतही आली आहे. तुमचा वापर गावातल्या गावात असेल तर तशी मॉडेलं आधी पाहा.

साडेपाच लाखांच्या गाडीचं : हप्ता मांडून बघा. जुन्या गाडीला कर्ज कमी मुदतीचं आणि महाग. चार लाख, १६ टक्के, ३६ महिने धरले तर हप्ता चौदा हजारांच्या वर जातो. नव्याचा सतराच्या आत. महिना तीन हजारांचा फरक. आणि २०१९ ची गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दोन वर्षांऐवजी दर वर्षी. रोख देणार असाल तरच ती स्वस्त आहे.

घ्यायचीच तर रेती-सिमेंट वाहिलेली गाडी खालून बघा. मागच्या पाट्यांची पानं दोन्ही बाजूंना मोजा आणि पुस्तिकेतल्या संख्येशी ताडा. पान वाढवलेलं असेल तर यू-बोल्ट नवे आणि लांब दिसतात, नटाखाली दोन-तीन इंच आटे उघडे. पाट्याचा पुढचा ब्रॅकेट चॅसिसला बसतो तिथे नखाने रंग खरवडा. आत वेल्डिंगची माळ लागली तर किमतीवर चर्चाच नको, निघा. इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करा. झाकण किंचित थरथरलं तर ठीक. भपकारे मारत धूर आला तर रिंगा गेल्या. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौद्याचा पत्रा बदललेला असणं वाईट नाही, उलट कोणीतरी लक्ष दिलंय. कागदांत हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) उतरल्याचं फॉर्म ३५, थकीत ई-चलन आणि टॅक्स एकरकमी भरलाय की वर्षावारी, हे इसार देण्याआधी ऑनलाइन बघा. थकलेलं चलन पुढे तुमच्या गळ्यात येतं.

प्रश्न : परमिट आणि लायसन्सचा खर्चही धरावा का? आणि रोजच्या साठ किलोमीटरच्या वाटपासाठी छोटी गाडी पेट्रोल घ्यावी की इलेक्ट्रिक? (शीतपेय वितरक, म्हापसा)

एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. बॅटरीवरच्या गाडीला वजन कितीही असो, लागत नाही. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे.

छोट्या गाड्यांत महागाईची ओरड तर आणखी पोकळ आहे. मे २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, सव्वादोन लाखांच्या आसपास आला. निर्देशांकाने त्याचे आज सव्वासात लाख होतात. जून २०२५ मध्ये त्याच घराण्यातला एस प्रो पेट्रोलमध्ये ३ लाख ९९ हजारांना आणि इलेक्ट्रिक साडेसहा लाखांना आला. भार पूर्वीसारखाच ७५० किलो. मूळचा डिझेल होता, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, पण दिशा कळते.

इलेक्ट्रिकची बॅटरी १४.४ युनिटची आणि कंपनीचा दावा १५५ किलोमीटरचा. चढउतार आणि भरलेला माल पाहता १०० धरा. चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला साडेसोळा युनिट, आठ रुपयांनी किलोमीटरला १ रुपया ३२ पैसे. पेट्रोल ९७ रुपये आणि अॅव्हरेज १८ धरलं तर ५ रुपये ३९ पैसे. वर्षाला १८,००० किलोमीटरवर सुमारे ७३ हजार वाचतात. मात्र जीएसटी उतरल्यावर पेट्रोलची गाडी पावणेचार लाखांच्या आत आली आणि इलेक्ट्रिक आधीपासून ५ टक्क्यांत असल्याने जिथल्या तिथे राहिली. दोघींमधलं अंतर अडीच लाखांवरून २ लाख ८० हजारांच्या घरात गेलं. ते भरून यायला चार वर्षांना थोडंच कमी. रोजचे साठ खरोखर रोज होणार असतील आणि पावसाळ्यातही वाटप चालू राहणार असेल तर इलेक्ट्रिक. चाळीसच होणार असतील तर पेट्रोल घ्या.

सीएनजीचा विचार असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, आणि त्या दिवसांत गाडी उभी राहते, हे धरून चाला. इलेक्ट्रिक घेतली तर चार्जिंगसाठी गोदामात १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, वेगळी वायर आणि नीट अर्थिंग करून घ्या. फ्रीजच्या बोर्डवरून जोड घेतला की जूनच्या पहिल्या पावसात तो जळतो.